रानाची राखण

आफ्रिका खंडातील अभयारण्यांची चित्रे व चित्रपट आमच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. हत्ती, गेंडा, गोरिला या प्राण्यांच्या रक्षणासाठी तेथील वनरक्षक खांद्यावर बंदूक टाकून रानोमाळ हिंडतात, चोरट्या शिकाऱ्यांशी व सशस्त्र टोळ्यांशी सामना देतात, हे ते मोठ्या कौतुकाने सांगतात. आणि ते कौतुक अस्थानी आहे असे कोणीही म्हणणार नाही. कांगो देशातील विरुंगा हे राष्ट्रीय उद्यान १९२५ साली स्थापन झाले. त्याचे रक्षण करताना आजवर दोनशेहून अधिक वनरक्षकांनी प्राण गमावले असून, २४ एप्रिल २०२० या एकाच दिवशी १२ जण मारले गेले. दक्षिण आफ्रिकेतील टिंबावटी येथील मुख्य रक्षक अँटन म्झिंबा यांस २६ जुलै २०२२ रोजी त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. अशा रक्षकांच्या स्मरणार्थ ३१ जुलै हा दिवस जगभर पाळण्यात येतो.

परंतु याच विद्यार्थ्यांस, 'तुमच्या पाड्यालगतच्या रानाचा वनरक्षक कोण?' असे विचारावे, तर बहुतेकांस त्याचे नाव सांगता येत नाही. कोणी 'गार्ड' म्हणतो, कोणी 'फॉरेस्टवाला' म्हणतो; आणि त्या शब्दाच्या उच्चारात आदर क्वचितच असतो, धास्ती किंवा तिरस्कार मात्र हमखास असतो. शहापूर व मुरबाड हे आपले दोन्ही तालुके रानाच्या कुशीत वसलेले आहेत. खर्डी, डोळखांब, टोकावडे या बाजूच्या मुलांचा शाळेचा रस्तादेखील रानातूनच येतो. असे असता परक्या खंडातील रक्षक आपणांस वीर वाटावा आणि दाराशी येणारा रक्षक शत्रू वाटावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आमचे मत असे आहे की, या रानाचे व त्यात राहणाऱ्या माणसांचे हित एकाच माणसाच्या हाती सोपविलेले आहे. तो माणूस गावाचा विश्वास मिळविल्यावाचून आपले काम करू शकत नाही, आणि तो विश्वास देणे न देणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

या तिरस्काराचे मूळ जुने आहे, व ते समजून घेतल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. भातशेती करणाऱ्या पालकांस राब म्हणजे काय हे सांगावयास नको. शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. ज्या जागी भाताचे रोप काढावयाचे, त्या जागेवर झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर देऊन पावसाळ्यापूर्वी ते पेटवून देतात, आणि त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरतात. टहाळी येणार ती रानातून. १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारने राने राखीव करण्यास आरंभ केला, तेव्हा राबाची टहाळी, जळणाची मोळी व गुरांचा चारा या तिन्हींवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की, तिची चौकशी करण्यास मुंबई सरकारला १८८५ साली एक कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२७ चा कायदा आला. १९३० साली जंगल सत्याग्रह झाला. आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे गोळीबार होऊन माणसे बळी पडली. या सर्व काळात सरकार कोठे तरी दूर होते. खेड्यातील माणसाला दिसे तो गार्ड. कुऱ्हाड हिसकावून घेणारा, मोळी सोडण्यासाठी कोंबडी मागणारा, अशीच त्याची मूर्ती आजोबांनी नातवांस वर्णन करून सांगितली. ज्या घरांनी हे सोसले त्यांनी ते विसरून जावे, असा उपदेश आम्ही करणार नाही. दुसऱ्याने सोसलेले विसरा म्हणणे फार सोपे असते.

तथापि आजचा वनरक्षक त्या काळचा राहिलेला नाही, आणि त्याचे कामही ते राहिलेले नाही. तानसा तलावाचेच उदाहरण घ्या. त्याचे धरण १८९२ साली पुरे झाले व त्याचे पाणी मुंबईकडे जाऊ लागले. तलावाभोवतीचे रान १९७० साली अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील प्राण्यांस कायद्याचे संरक्षण मिळाले. साग, ऐन, मोह, खैर यांची ही झाडी, तीत बिबळ्या, तरस, भेकर, साळिंदर आणि असंख्य पक्षी. २०१४ साली याच रानात रानपिंगळा आढळला. घुबडाच्या कुळातील हा लहानसा पक्षी भारताबाहेर कोठेही नाही. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणा अभ्यासकाच्या हाती लागला नव्हता, व तो नामशेष झाला असेच पुष्कळांनी धरले होते. १९९७ साली खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, आणि त्यानंतर सतरा वर्षांनी आपल्या तालुक्यात. इतर घुबडे रात्री हिंडतात. हा मात्र भर दिवसा उघड्या फांदीवर बसून असतो, त्यामुळे बेचकीच्या खड्याला तो अगदी सहज सापडतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाकोणाच्या खिशात बेचकी असते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीतील एक खण त्यांनीच भरला आहे. जगात मोजकेच उरलेले पाखरू आपल्या पाड्याच्या सागावर बसले असता त्याची राखण करणारा तो 'फॉरेस्टवाला' एकटा किती ठिकाणी पुरा पडणार, याचा विचार त्या खिशांच्या मालकांनी करावा.

आता बिबळ्याविषयी. आपल्याकडे त्यासही वाघच म्हणतात, आणि वनरक्षक व गाव यांच्यात आज सर्वांत अधिक खटके त्याच्यावरूनच उडतात. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बिबळ्या वनखात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय या अभ्यासिका व त्यांचे सहकारी यांनी त्याच्या गळ्यात, उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला, आणि त्यास माळशेज घाटाच्या रानात सोडण्यात आले. वयाने पोक्त म्हणून त्यास 'आजोबा' हे नाव पडले. हे आजोबा तेथे राहिले नाहीत. मजल दरमजल करीत ते पश्चिमेस निघाले. कसाऱ्याजवळ त्यांनी लोहमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, खाडी पोहून पार केली, आणि शंभराहून अधिक किलोमीटरांची वाट तुडवून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचले. वाटेत कोणा माणसास त्यांनी ओरखडाही काढला नाही. आपल्याच तालुक्यांच्या शिवारांतून ते गेले, आणि आपणांस त्याचा पत्ताही लागला नाही! २०११ सालच्या डिसेंबरात मोटारीच्या धडकेने या प्राण्याचा अंत झाला. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला, तो पालकांपैकी काहींनी पाहिला असेल.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे. गावात बिबळ्या दिसला की, 'पिंजरा लावा व त्यास दूर नेऊन सोडा' अशी मागणी होते. या शतकाच्या आरंभी जुन्नर भागात तसे पुष्कळ करून पाहण्यात आले. पकडलेले बिबळे दूरच्या रानांत सोडले गेले, आणि सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरील हल्ले कमी न होता उलट वाढले, असे अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते. शिवाय त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबळ्या येऊन घेतो, आणि तो कसा निघेल हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून वनरक्षक जेव्हा पिंजरा न आणता, 'खुराडे बंद ठेवा, उकिरडा घरापासून दूर न्या, मोकाट कुत्री वाढू देऊ नका, अंधार पडल्यावर लेकरास एकटे बाहेर पाठवू नका' असे सांगतो, तेव्हा तो अंग चोरीत आहे असा समज करून घेणे चुकीचे होय. त्याला जे ठाऊक आहे ते तो सांगत असतो. माणसे मारण्यास सोकावलेल्या जनावराची गोष्ट अर्थात निराळी. २०१६ साली मुरबाड तालुक्यात बिबळ्याने माणसे मारली, तेव्हा त्यास गोळी घालण्याचा कटू निर्णय वनखात्यास घ्यावा लागला. ज्या घरातील माणूस गेले त्या घरासमोर उभे राहून कोणी बिबळ्याची थोरवी गाऊ नये. परंतु दिसलेला प्रत्येक बिबळ्या हा मारेकरी नव्हे, आणि हा भेद करण्याची अवघड जबाबदारी त्या एका माणसावर असते.

तिच्यात भर घालतो तो जमाव. बिबळ्या एखाद्या घरात किंवा झुडपात अडकला की, आसपासच्या चार गावांची माणसे हातांत भ्रमणध्वनी घेऊन जमतात. दगड मारतात, आरोळ्या ठोकतात, छपरांवर चढतात. अशा वेळी वनरक्षकाची पाठ जनावराकडे व तोंड जमावाकडे असते. ज्याच्याकडे पाहावयाचे त्याच्याकडे पाठ करून उभे राहणे किती धोक्याचे, हे ज्याने गुरे राखली आहेत त्यास सांगावयास नको. आमच्या विद्यार्थ्यांनी अशा गर्दीत जाऊ नये, आणि पालकांनी त्यांस खांद्यावर घेऊन तर मुळीच जाऊ नये.

वर्षभराचे काम पाहू गेल्यास मात्र त्यात बिबळ्याचा वाटा लहान व वणव्याचा मोठा असतो. शिमगा झाला की रानातील गवत वाळून कोळ होते. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवितो. नवे गवत चांगले फुटावे म्हणून कोणी माळ पेटवितो. कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. यांत दुष्टपणा फारसा नसतो, परंतु वारा सुटला म्हणजे आगीस हेतू विचारता येत नाही. तो माळ चढून वर जाते, आणि रात्री माहुलीच्या किंवा माळशेजच्या बाजूस डोंगराच्या अंगावर जी तांबडी रेघ आपण अंगणातून पाहतो, तिच्या तोंडाशी दोन-तीन वनमजुरांस घेऊन वनरक्षक उभा असतो. पाला उडविणारी यंत्रे काही ठिकाणी आली आहेत. पण जेथे ती नाहीत तेथे हत्यार एकच, हिरव्या पानांची टहाळी. तिने झोडपून झोडपून आग विझवावयाची. ज्या टहाळीवरून आपल्या पणजोबांचे व गार्डाचे भांडण झाले, तीच आज त्याच्या हाती आहे, आणि ती धरावयास त्याला आणखी हात हवे आहेत. गावातील वीस माणसे धावली तर जे काम तासाभरात होते, ते चार माणसांकडून रात्र उलटली तरी होत नाही. तोपर्यंत सागाची व खैराची कोवळी रोपे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी आणि उन्हाळ्यात गुरांस लागणारा चारा यांची राख झालेली असते. आग लागण्यापूर्वी जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातील गवत आधीच काढून वा जाळून टाकावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही, व ते नीट झाले तर पुढे काहीच घडत नाही.

याशिवाय डुकरासाठी लावलेल्या फासक्या शोधून काढणे, शेताच्या कुंपणात चोरून सोडलेली विजेची तार पकडणे, आणि पंचनामे. पंचनाम्याविषयी पालकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. जनावराने शेळी किंवा वासरू मारले, पीक तुडविले, किंवा माणसास इजा केली, तर सरकारकडून भरपाई मिळते. माणूस दगावल्यास तिची रक्कम २०२३ पासून २५ लाख रुपये केलेली आहे. परंतु घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत वनखात्यास कळविले पाहिजे, मेलेले जनावर जागेवरून हलविता कामा नये, आणि वनरक्षकाने येऊन पंचनामा केला पाहिजे. एखाद्या कातकरी विधवेची एकुलती शेळी गेली असता तिला चार पैसे मिळतात की नाही, हे पुष्कळ अंशी त्या एका कागदावर ठरते. जो रक्षक त्या कागदासाठी डोंगर चढून येतो तो रानाचीही राखण करीत असतो, कारण भरपाई मिळालेले घर मेलेल्या शेळीवर विष घालून ठेवीत नाही. आणि जो रक्षक येत नाही, किंवा येण्याचे मोल मागतो, त्याची तक्रार परिक्षेत्र वनअधिकाऱ्याकडे लेखी करावी. विश्वास देणे याचा अर्थ डोळे मिटणे असा आम्ही करीत नाही.

हे सारे काम बहुधा काठी व विजेरी एवढ्याच बळावर चालते. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा येथे २० नोव्हेंबर २०२१ रोजी स्वाती ढुमणे या वनरक्षक, व्याघ्रगणनेसाठी वाघांच्या खुणा नोंदवीत, मदतनिसांसह पायी निघाल्या होत्या. वाटेत 'माया' नावाची वाघीण बसलेली त्यांस दिसली. त्या थांबल्या, पुष्कळ वेळ वाट पाहिली, आणि ती उठत नाही असे पाहून झाडीतून वळसा घेऊन जाऊ लागल्या. वाघिणीने पाठीमागून येऊन त्यांस ठार केले. त्यांच्या हातून कोणतेही अविचारी धाडस झाले नव्हते. विरुंगाच्या रक्षकांची नावे ज्यांस घ्यावीशी वाटतात, त्यांनी हेही नाव घ्यावे. मराठी मुलखातील ही एक स्त्री नेमून दिलेले काम करीत असता गेली.

येथे एक आक्षेप येईल, व तो आम्ही पालकांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. गरिबाने टहाळी तोडली तर गुन्हा, आणि समृद्धी महामार्गासाठी शहापुरातील रान कापले तर ती प्रगती, हा कोठला न्याय? इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा त्या मार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ज्या वाटांनी आजोबांसारखी जनावरे जातयेत होती त्या मुलखातूनच तो गेला आहे. हा आक्षेप आम्हांस खोटा म्हणता येत नाही. वनरक्षकासही त्याचे उत्तर देता येत नाही, कारण असे निर्णय त्यास विचारून होत नाहीत. त्याच्या वाट्यास फक्त पाड्यावरील माणसाच्या डोळ्यास डोळा भिडविणे येते. मात्र या आक्षेपावरून 'मग आम्हीही तोडू' असे अनुमान काढणे आम्हांस मान्य नाही. मोठ्याने रान नेले म्हणून धाकट्याने उरलेले जाळावे, यात धाकट्याचेच नुकसान अधिक; पाणी, जळण व रानभाजी यांवाचून अडणार ते त्याचेच.

आणि आता धाकट्याच्या हाती काहीच नाही असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले, आणि त्याबरोबरच रान व वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. आपले रान कोण राखील, कसे राखील, बांबू केव्हा तोडावा, याचा निर्णय ते गाव एकत्र बसून करते. आपल्या वारली, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी पाड्यांस जे शक्य नाही असे त्यात काही नाही. ग्रामसभा जागी असेल तर वनरक्षक तिचा चाकर व सोबती होतो. ती झोपी गेलेली असेल तर तो पुन्हा जुना गार्ड होण्याचा संभव आहे. हे आम्ही त्याच्या विरुद्ध म्हणत नाही, मनुष्यस्वभाव तसा आहे.

आमची शेवटची सूचना विद्यार्थ्यांस, व विशेषतः पाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींस आहे. वनरक्षकाच्या जागा सरकार वेळोवेळी भरते. त्यांसाठी बारावीची परीक्षा लागते, अनुसूचित जमातींच्या उमेदवारांस दहावी पुरते. त्या जागांवर बाहेरून आलेल्या, रानाची भाषा न जाणणाऱ्या तरुणांपेक्षा आपल्यातील कोणी जावे, असे आम्हांस फार वाटते. ज्याच्या आजोबाची कुऱ्हाड एकदा जप्त झाली होती, असा नातू त्या गणवेशात पाड्यावर गेला तर तो मोळीवाल्या बाईशी कसा बोलेल, याची आम्हांस उत्सुकता आहे. मुलींच्या आईबापांस रात्रीच्या फिरतीची काळजी वाटते. ती रास्त आहे, आणि मुक्कामाची व सोबतीची नीट सोय खात्याने केलीच पाहिजे. परंतु आज पुष्कळ रानांत स्त्रिया हे काम करीत आहेत, आणि पाड्यावरील बायका आपली अडचण त्यांस जितकी मोकळेपणी सांगतील तितकी पुरुषास सांगणार नाहीत. भरतीच्या वेळी मुलांस ५ व मुलींस ३ किलोमीटर धावावे लागते. त्यानंतर चार तासांच्या आत मुलांनी २५ व मुलींनी १६ किलोमीटर चालून दाखवावयाचे असते. रोज डोंगर उतरून शाळेत येणाऱ्यांस ही परीक्षा जड जाऊ नये. जे विद्यार्थी बसगाडी चुकली या सबबीवर सोमवारी गैरहजर राहतात, त्यांनी मात्र सरावास आतापासूनच लागावे.